डाव्या बाजूचं मागचं चाक

जगातली कोणतीही वस्तू उघडता येते, याबद्दल आयुष्यात एकदाही शंका न आलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे धाकटे काका. उघडलेली वस्तू पुन्हा बंद होते की नाही, हा त्यांच्या मते पुढचा प्रश्न होता, आणि पुढच्या प्रश्नांची चर्चा आधी करणारे लोक त्यांना आळशी वाटत. धुळ्याच्या एका हायस्कुलात त्यांनी तीस वर्षं भूमिती शिकवली होती, त्यामुळे सदऱ्याच्या खिशात खडू कायमचा. कुठलंही काम सुरू करण्याआधी ते जमिनीवर, भिंतीवर, एकदा तर जेवायच्या पाटावर आकृती काढत, तिच्या कोपऱ्यांना क, ख, ग अशी नावं देत आणि मगच पाना हातात घेत. एकदा ते गल्लीतल्या एका घरी सांत्वनाला गेले होते. मंडळी खाली मान घालून बसलेली आणि भिंतीवरचं घड्याळ बंद. काकांनी पाच मिनिटं दुःख केलं आणि मग हळूच स्टुलावर चढले. थोड्या वेळाने त्या शांततेत घड्याळाने एकापाठोपाठ एक अकरा ठोके दिले. तेव्हा वाजले होते साडेचार. घरातल्या म्हाताऱ्या आजींना तो गेलेल्या माणसाचाच निरोप वाटला आणि त्यांनी घड्याळाला हात जोडले. काका मात्र घरी येईपर्यंत चुकचुकत होते, कारण हिशेबाने साडेचाराला एकच ठोका पडायला हवा होता.

दुरुस्तीनंतर उरलेले स्क्रू ते एका बिस्किटाच्या डब्यात ठेवत आणि डब्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात 'अनावश्यक' असं लिहिलं होतं. त्यातले चार स्क्रू माझ्या स्कूटरचे आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी जळगावहून मोठ्या ऐटीत स्कूटरवरून धुळ्याला गेलो. सकाळी उटणं लावून, आंघोळ करून बाहेर येतो तो माझी स्कूटर ओट्यावर वर्तमानपत्रं अंथरून त्यावर ओळीने मांडलेली. काका म्हणाले, "यांचा आवाज मला रात्रीच खटकला होता." 'यांचा' म्हणजे स्कूटरचा. काका माणसांना सरसकट अरे-तुरे करत आणि यंत्रांना अहो-जाहो. खानदेशात जावयाला अरे म्हणायची कोणाची प्राज्ञा नसते, पण मी पहिल्या भेटीपासून 'तू' होतो आणि माझी स्कूटर 'त्या'. त्या दिवाळीला मी एसटीने परत आलो. स्कूटर तीन आठवड्यांनी एसटीच्या टपावरून आली. आधीपेक्षा ती चांगली चालत होती हे मला कबूल करावं लागेल. फक्त हॉर्न दाबला की पुढचा दिवा लागायचा, आणि हॉर्न कशाने वाजतो ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

घरात बाकी सगळे अहिराणी बोलत. काका मात्र शाळेतली मराठी घरी आल्यावरही उतरवून ठेवत नसत. ते अहिराणीवर आले की समजायचं, गोष्ट मनाला लागली आहे. अशी वेळ वर्षा-दोन वर्षांतून एखादी यायची.

हे काका निवृत्त झाले तेव्हा घरात आता उघडायला काही उरलं नाही म्हणून काकू जरा निश्चिंत झाल्या होत्या. सत्त्याऐंशी साल असावं. पावसाळा संपून कापूस फुटायला लागला होता, आणि अशा एका सकाळी काकांनी घरी मोटार आणली. आणली म्हणजे दोन बैलांनी ओढून आणली. स्वातंत्र्याच्या आधीची विलायती मोटार, मूळ रंग काळा असावा, पण वीस वर्षं जिनिंग फॅक्टरीच्या शेडमध्ये पडून पडून तिच्यावर कापसाच्या तंतूंचा आणि कोंबड्यांचा असा काही थर बसला होता की ती लांबून मेंढीसारखी दिसत होती. फॅक्टरी बंद झाली होती. जुन्या शेठजींच्या नातवाला शेड मोकळी करून हवी होती, तो म्हणाला, "मास्तर, न्यायची तर न्या." काकांनी बैलजोडी जुंपली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. भर बाजारातून ही वरात येत होती, आणि प्रत्येक वळणावर काका खिडकीतून हात बाहेर काढून रीतसर इशारा देत होते. मागच्या सीटवर एक कोंबडी बसलेली होती. ती अंड्यावर होती, म्हणून तिला उठवणं काकांना प्रशस्त वाटलं नव्हतं.

ओट्यावर तेव्हा आबा बसले होते. आबा म्हणजे काकांचे वडील, माझ्या बायकोचे आजोबा. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट, डोळे मात्र मोतीबिंदूने अधू झालेले. आबांनी बावीस वर्षं शेठजींची मोटार चालवली होती, आणि ती मोटार हीच. डोळ्यांनी त्यांना किती दिसलं कोण जाणे, पण मोटारीचं दार उघडल्याचा आवाज ऐकून ते ताठ झाले. मग काठी घेऊन उठले. "बावीस वरीस तिनी माले उभं ठेवं," ते म्हणाले, "आते तिले ठेवा उभी." एवढं बोलून ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

खरं तर बापलेकांचं एरवीही फारसं बोलणं नव्हतं. भांडण असं काही नव्हतं. पण आबांना वाटे, मुलगा शिकून मास्तर झाला, आता आपलं अडाण्याचं बोलणं त्याला काय सांगावं. आणि काकांना वाटे, आबा आपल्याशी मुद्दाम बोलत नाहीत. ते एकमेकांना जेवण झालं का एवढं विचारत, तेही काकूंच्या मार्फत.

मोटारीच्या कामात मी कसा ओढला गेलो त्याला माझं तोंडच कारण आहे. मी तेव्हा जळगावला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. एकदा सहज म्हणून गेलो की मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. काकांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. पाटी कोरी असलेला विद्यार्थी त्यांना तीस वर्षांत भेटला नसावा. तेव्हापासून दर आठवड्याला कॉलेजच्या पत्त्यावर त्यांचं पोस्टकार्ड येऊ लागलं. त्यावर एखाद्या पिस्टनची किंवा गिअरची आकृती, कोपऱ्यांना क, ख, ग, आणि खाली एकच ओळ: "रविवारी येणे. जुने कपडे आणणे." आमच्या प्राचार्यांनी ही कार्डं वाचली असणार, कारण ते माझ्याशी जपून बोलायला लागले. मग रविवारी सकाळची एसटी, एरंडोल, पारोळा, धुळे, आणि दिवसभर मी कशाला तरी धरून उभा. "धर" या पलीकडे मला कधी काम मिळालं नाही. पण काय धरलंय आणि कशासाठी, हे मात्र काका प्रत्येक वेळी जमिनीवर आकृती काढून समजावत.

दीड वर्षात काकांनी ती मोटार खरोखर उभी केली. कोंबडीची पिल्लं मोठी होऊन शेजारी राहायला गेली. इंजिन ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवशी असा धूर आणि असा आवाज झाला की समोरच्यांची म्हैस खुंटा उपटून गेली ती संध्याकाळी साक्री रोडला सापडली. राहिले होते फक्त ब्रेक. चारही चाकांचे ब्रेक उघडून नवे बसवायचे आणि मग जोडणी करायची. तीन चाकं झाली. चौथं, म्हणजे डाव्या बाजूचं मागचं, अडलं.

बैलगाडीच्या चाकाला मधोमध जसा तुंबा असतो, तसा मोटारीच्या चाकाचा हब. या मोटारीचा मागचा हब आसाच्या निमुळत्या टोकावर दाबून बसवलेला होता आणि ब्रेक त्याच्या पोटात. वरचा मोठा नट सुटला, पण हब काही हलेना. वीस वर्षांच्या गंजाने त्याला आणि आसाला एकजीव करून टाकलं होतं. काकांनी पहिल्या दिवशी त्याला दोन बोटांनी हलकेच थोपटलं आणि म्हणाले, "बसलेत. उठतील."

ते उठले नाहीत. पहिल्या रविवारी घासलेट. दुसऱ्या रविवारी गोडं तेल, काकूंच्या डब्यातलं, न विचारता घेतलेलं. तिसऱ्या रविवारी काकांनी लिंबू-सोड्याच्या गाडीवरून बर्फाची लादी आणली. लोखंड तापवलं की फुगतं आणि थंड केलं की आवळतं, म्हणून हब तापवायचा आणि आतला आस थंड करायचा, असा बेत होता. तापवायला गल्लीच्या तोंडावरचे वेल्डिंगवाले बाबूराव आले. त्यांनी ज्योत धरली, मी बर्फ धरला. पंधरा मिनिटांत बर्फ वितळून माझ्या चपलेत गेला, हब लालबुंद झाला आणि जागच्या जागी राहिला. बाबूराव म्हणाले, मास्तर, एक घण मारू द्या, मोकळं होतं की नाही बघा. काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी वर्गात उत्तरपत्रिका न वाचताच मार्क द्या असं सुचवलं होतं. घणाने फुटतं, निघत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि असा हब आता कुठे मिळणार नव्हता, हेही खरं होतं.

मग बाबूरावांनी काकांच्या आकृतीवरून एक पुलर बनवला. तीन पायांचा, मधे जाड बोल्ट. पायांनी हबला धरायचं आणि बोल्ट आवळून आसाला रेटायचं. दर तासाला काका बोल्टला एक वळसा देत आणि हबला विचारत, "कसं वाटतंय?" चौथ्या तासाला बोल्ट तुटला. त्याचं डोकं माझ्या कानाजवळून गेलं आणि शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या वड्यांमध्ये जाऊन पडलं. शेजारीणबाई ते हातात घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, हाई तुमनं शे का?" काकांनी नम्रपणे ते परत घेतलं आणि 'अनावश्यक'च्या डब्यात न टाकता खिशात ठेवलं.

हा सगळा वेळ आबा ओट्यावर बसलेले असत. मोटार दारात आल्यापासून ते तिच्याकडे पाठ करून बसत, पण बसत ओट्यावरच, आणि आम्ही काम थांबवून चहाला उठलो की तेही उठत. ते आमच्यावर चिडलेत असं मला वाटे. त्या दिवशी मी चहा घेत असताना काकूंना म्हणालो, की काकांनी हा नाद आता सोडावा. काकू स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, हाई काय लोखंडनी हौस नही. आबासले मांगल्या शीटवर बसाडीसन पद्मालयले लई जानं शे त्यासले. बोलतस नही कोणले."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. शेठजींचं कुटुंब दर चतुर्थीला या मोटारीतून एरंडोलजवळच्या पद्मालयाला गणपतीला जाई. आबा मागचं दार उघडून उभे राहत, मंडळी बसली की बंद करत, आणि तिथे पोचल्यावर मंडळी दर्शनाला गेली की मोटारीशेजारी उभे राहत. बसलेला ड्रायव्हर शेठजींना खपत नसे. एकदा काका लहान असताना आबांसोबत फॅक्टरीत गेले आणि मागच्या सीटवर चढून बसले. आबांनी त्यांना हात धरून खाली उतरवलं होतं आणि सीटवर उमटलेला पायाचा ठसा आपल्या टोपीने पुसला होता.

त्यानंतरच्या रविवारी मी हब धरायला स्वतःहून लवकर गेलो. पण काकांचं कार्ड त्या आठवड्यात आलं नव्हतं, आणि गेलो तर काका चाकाजवळ नुसते बसलेले. जमिनीवर एकही आकृती नाही. आबांना चार दिवस ताप येऊन गेला होता, डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवलं होतं. मी विचारलं, आज काय करायचं. काका हबकडे बघत म्हणाले, "निंघाव नही रे हाई."

निघणार नाही, असं काकांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही अहिराणीत. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. आबा आमच्याकडे वळून न बघताच बोलत होते.

"नट काढी का टाका?"

काका दचकले. म्हणाले, हो, काढला ना आबा, पहिल्याच दिवशी.

"तठेच चुकनं. नट परत लाव. दोन आटा ढिला ठेव अनि चालाड तिले. मैदानमा आठ काढ. वजन कधी ह्या अंगले, कधी त्या अंगले पडनं का आपेआप सुटी जाई. नट शे म्हनीसन चाक पळाव नही."

काकांनी खिशातून खडू काढला, जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा काढला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग कमालीच्या सावध आवाजात विचारलं, की आबा, हे तुम्हाला ठाऊक होतं, तर इतके दिवस सांगितलं का नाही.

आबा म्हणाले, "तू इचारं का माले?"

त्याच दिवशी दुपारी आम्ही मोटार शाळेच्या मैदानावर नेली. म्हणजे गल्लीतल्या दहा-बारा जणांनी ढकलत नेली, कारण वाटेत उतार होता आणि मोटारीला ब्रेक नव्हते. मैदानावर पोचल्यावर आबांनी, आम्ही त्यांना आणलं नव्हतं तरी ते आले होते, सांगितलं की हब सुटतो तेव्हा एकच आवाज होतो आणि तो नेमका ओळखू आला पाहिजे. नाहीतर पुढे चालवत राहिलं तर आतली चावी, म्हणजे हबला आसात अडकवणारी लोखंडी पट्टी, तुटते. तो आवाज इथे कोणाला माहीत आहे? कोणालाच नव्हता. "मंग माले चाकवर बसनं पडी," आबा म्हणाले, आणि काठीने चाचपडत मागचं दार शोधू लागले.

काका पटकन पुढे झाले आणि त्यांनी दार उघडलं. सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या, त्यावर कापसाचं पोतं टाकलेलं. आबा डाव्या बाजूला, बरोबर अडलेल्या चाकावर जाऊन बसले. काकांनी दार लावलं. दोघांपैकी कोणालाही त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही. दोघांचंही लक्ष हबकडे होतं. मी मात्र पाहिलं, आणि आमच्यामागून मैदानावर आलेल्या काकूंनीही पाहिलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला.

इंजिन सुरू झालं. काकांनी पहिला आठ काढला तो भूमितीच्या मास्तरला शोभेल असा. दुसरा त्याहून जोरात. मोटार डावीकडे झुकायची, उजवीकडे झुकायची, आबा एक हात दाराला धरून, डोळे मिटून, मान चाकाकडे कलती करून बसलेले. चौथ्या आठाच्या मधल्या वळणावर 'ठाक्' असा आवाज झाला. झाडावरचे बगळे उडाले. बाबूराव खाली बसले.

"व्हयनं," आबा म्हणाले. "थांब."

थांबायचं कसं, हा पुढचा प्रश्न होता. काकांनी किल्ली फिरवली. इंजिन चालूच राहिलं आणि काचेवरचे वायपर सुरू झाले, कारण ती जोडणी काकांनी स्वतः केली होती. मैदानावरचे आम्ही सगळे पांगलो. काका अत्यंत गंभीर चेहऱ्याने, वायपर चालू असलेल्या मोटारीतून, आमच्यामधून दोनदा गेले. तिसऱ्या फेरीला त्यांनी मोटार लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात घातली आणि ती तिथे गुरगुरून बंद पडली. वाळूचा ढग खाली बसला तेव्हा मागच्या सीटवर आबा हसत होते. दात नसलेलं, खांदे हलवणारं ते हसणं काकांनी बहुधा फार वर्षांनी पाहिलं असावं, कारण ते स्टिअरिंग सोडून मागे वळले ते तसेच बघत राहिले.

संध्याकाळी मोटार ढकलत परत आणल्यावर ओट्यासमोर हब निघाला, हाताने, भाकरीवरचं ताट उचलावं तसा. काकांनी तो आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी आत बोट घालून काळं, वाळलेलं ग्रीस काढलं, चोळलं, नाकाशी नेलं. "हाई ग्रीस मन्हं शे," ते म्हणाले. मग ते त्या मोटारीबद्दल बोलायला लागले. कोणत्या घाटात ती तापायची, कोणता गिअर कुरकुरायचा. काका पायरीवर बसून, मांडीवर वही घेऊन लिहून घेत होते, आणि मधे मधे शंका विचारत होते. हे बोलणं पुढे रोज संध्याकाळी चालू राहिलं. मला रविवारची कार्डं येईनाशी झाली. धरायला त्यांना आता दुसरं माणूस मिळालं होतं, आणि मला थोडं चुकल्यासारखं झालं हे खोटं कशाला सांगू.

आबा त्यानंतर दोन हिवाळे होते. आता काकाही नाहीत, मोटार कोणा हौशी माणसाकडे नाशिकला आहे म्हणतात. पण पद्मालयाला आम्ही गेलो ती चतुर्थी मला स्वच्छ आठवते. मागे आबा, काकू आणि माझी बायको, पुढे काका आणि मी. पारोळा येईपर्यंत आबा बारीकसारीक सूचना देत होते. मग त्यांचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं तर आबा बारीक घोरत झोपले होते, तोंड उघडं, मान काकूंच्या खांद्यावर. पुढे रस्त्यात शेळ्यांचा कळप आडवा आला. काकांनी हॉर्नला हात लावला नाही. ते उतरले, चालत पुढे गेले आणि हाताने एकेक शेळी बाजूला करून परत आले.

पद्मालयाला पोचलो तेव्हा आरतीची वेळ होत आली होती. काकू म्हणाल्या, आबांना उठवायला हवं. काकांनी इंजिन बंद केलं. तळ्यावरून वारा येत होता, माणसं पायऱ्या चढत होती. एक क्षणही स्वस्थ न बसणारे आमचे काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, आरशातून मागे बघत बसून राहिले.

"निजू दे त्यासले," ते म्हणाले.